देवगडच्या बाजारातील पेपरमिंटच्या गोळ्या : एक परीक्षण

देवगडच्या बाजारपेठेतील ज्या किराणा दुकानातून आमच्या घरचे सामान गेली तीस वर्षे येते, त्याच्या काउंटरवर काचेच्या सहा बरण्या ओळीने मांडलेल्या असतात आणि त्यांपैकी दोन पेपरमिंटच्या असतात. सुटे पैसे नसले की दुकानदार याच बरण्यांत हात घालतो, त्यामुळे कोणी मुद्दाम न मागताही ही गोळी गावातल्या प्रत्येक खिशात पोचलेली आहे. तिला कोणी मिठाई समजत नाही, हे मला विशेष वाटते. मधुमेह असलेला जो गृहस्थ पेढ्याला हात जोडून नकार देतो, तोच पेपरमिंट निःशंकपणे तोंडात टाकतो, कारण ती थंड लागते, पुदिन्याची असते, घशाला बरी आणि पचनाला चांगली असते, असा सर्वांचा समज आहे. हा समज कितपत खरा आहे हे तपासण्यासाठी मी या जुलै महिन्यात बाजारातून पाच प्रकारच्या कडक पुदिना-गोळ्या विकत घेतल्या, त्यांची पाकिटे भिंग लावून वाचली, माझ्या जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजूवर प्रत्येकीच्या दहा गोळ्या तोलल्या आणि घड्याळ समोर ठेवून एकेक गोळी न चावता चोखून पाहिली. नोकरीभर विज्ञान शिकवल्यामुळे निवृत्तीनंतरही ही सवय सुटलेली नाही.

परीक्षणापूर्वी माझा स्वतःचा पूर्वग्रह सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे होईल. नोकरीच्या शेवटच्या सहा-सात वर्षांत खडूच्या धुळीने घसा बसत असे, म्हणून मी प्रत्येक तासाला एक पेपरमिंट तोंडात ठेवण्याची सवय लावून घेतली होती. शिकवताना बोलता यावे म्हणून ती डाव्या गालात, खालच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूला सरकवून ठेवत असे. पुढे दाढ ठणकू लागली तेव्हा दंतवैद्यांनी तोंडात आरसा घालून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : "सर, तुम्ही डाव्या गालात काही ठेवता का?" कीड दाढेच्या माथ्यावर, म्हणजे जिथे ती सहसा लागते तिथे, नव्हती, हिरडीलगत, दाढेच्या बाहेरच्या अंगाला, जिथे गोळी टेकून राहत असे नेमक्या त्याच जागी दोन शेजारच्या दाढांवर तपकिरी खाचा पडल्या होत्या. उजवी बाजू जवळजवळ निर्दोष होती. एका दाढेची मुळे साफ करून वर टोपी बसवावी लागली आणि दुसरी काढावी लागली. तेव्हा या पदार्थाविषयी माझ्या मनात थोडी अढी आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

पहिला प्रकार बरणीतील निळसर, पारदर्शक, कागदात पीळ घालून गुंडाळलेल्या गोळीचा. किंमत एक रुपया. ही खरी उकळीव गोळी होय. घरात पाक करताना आपण एकतारी, दोनतारी आणि गोळीबंद अशा पायऱ्या ओळखतो; ही गोळी त्याही पुढच्या पायरीवरची आहे. साखर आणि लिक्विड ग्लुकोज यांचे मिश्रण सुमारे 150 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्यातले पाणी दोन-तीन टक्क्यांवर येते, आणि असा पाक निवला की त्याचे स्फटिक न होता काचेसारखा गोळा बनतो. लिक्विड ग्लुकोज घालतात ते गोडीसाठी तितके नव्हे, जितके साखरेने पुन्हा दाणे धरू नयेत म्हणून. वरून येतात पेपरमिंटचे तेल किंवा मेंथॉल आणि चिमूटभर निळा रंग. हा रंग बहुतेक वेळा ब्रिलियंट ब्लू, म्हणजे घटकांच्या यादीत 133 या क्रमांकाने छापलेला असतो. भारतात मिठाईत परवानगी असलेल्या कृत्रिम रंगांची मर्यादा किलोमागे 100 मिलिग्रॅम आहे, आणि एवढ्याशा गोळीतून पोटात जाणारा रंग हा माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत कमी काळजीचा भाग आहे. तरी आमच्याकडे लोक बोलतात ते रंगाबद्दलच.

दहा निळ्या गोळ्यांचे वजन कागदाशिवाय 38 ग्रॅम भरले, म्हणजे एक गोळी 3.8 ग्रॅमची. मूळ पाकीट दुकानदाराने माळ्यावरून काढून दाखवले. त्यावर 100 ग्रॅममागे कर्बोदके 97 ग्रॅम, त्यांपैकी साखर 72 ग्रॅम, प्रथिने शून्य, स्निग्धांश शून्य असे लिहिलेले होते. येथे वाचणाऱ्याची एक फसगत होते. साखर 72 म्हटल्यावर उरलेली 25 ग्रॅम कर्बोदके काहीतरी निरुपद्रवी असतील असे वाटते. परंतु ती लिक्विड ग्लुकोजमधील स्टार्चच्या तुटक्या साखळ्यांची असतात आणि आतड्यात त्यांचेही ग्लुकोजच होते. मधुमेह्याने म्हणून 72 हा आकडा न पाहता 97 हा पाहावा. हिशेब केला तर एका गोळीतून सुमारे 15 किलोकॅलरी मिळतात. जीवनसत्त्वे, लोह, तंतू यांच्या रकान्यात लिहिण्यासारखे काहीही नाही. पाकिटावर मात्र पुदिन्याची दवबिंदू असलेली टवटवीत पाने छापलेली आहेत.

त्या पानांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण गोळीची सगळी अब्रू त्यांच्यावर उभी आहे. आपल्या परसातला चटणीचा पुदिना आणि पेपरमिंट या दोन निराळ्या वनस्पती आहेत. पेपरमिंट हा पाणपुदिना आणि साधा पुदिना यांच्या संकरातून आलेला आहे. चटणीच्या पुदिन्याला जो वास असतो तो मुख्यतः कार्व्होन या द्रव्याचा आणि त्याने तोंड थंड पडत नाही. चटणी खाऊन वर पाणी प्यायल्यास दातांना कळ लागत नाही, हे कोणीही घरी पडताळून पाहू शकेल. थंडावा देणारे मेंथॉल हे पेपरमिंटात आणि जपानी पुदिन्यात असते, आणि त्या जपानी पुदिन्याचे पीक आपल्याकडे मोठ्या प्रमाणात उत्तर प्रदेशात, विशेषतः बाराबंकीच्या परिसरात घेतले जाते. तेथील तेलातून काढलेले मेंथॉलचे पांढरे सुईसारखे स्फटिक देशभरच्या गोळ्यांत, बामात आणि टूथपेस्टमध्ये जातात. सारांश, आपल्या गोळीत पुदिन्याचे पान नसते. फार तर एका निराळ्या पुदिन्याच्या तेलातील एक द्रव्य काही मिलिग्रॅम असते. पुदिन्याच्या चटणीचे गुण तिला चिकटवणे म्हणजे आंब्याच्या पेटीवरील चित्र चाटण्यासारखे आहे.

थंडावाही खरा थंडावा नव्हे. मेंथॉलमुळे तोंडाचे तापमान उतरत नाही. तोंडातील आणि नाकातील चेतातंतूंच्या टोकांवर गारवा ओळखणारे टीआरपीएम-8 नावाचे एक प्रथिन असते, ते मेंथॉलच्या स्पर्शाने उघडते आणि मेंदूला 'गार झाले' अशी खोटी वर्दी देते. या प्रथिनाचा शोध 2002 मध्ये लागला. तो लावणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस यांनी त्याआधी 1997 मध्ये मिरचीचा जाळ ओळखणारे प्रथिनही शोधून काढले होते, आणि 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासमवेत तापमान व स्पर्श ओळखणाऱ्या यंत्रणेच्या याच संशोधनासाठी मिळाले. कोकणातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. बांगड्याच्या तिखल्यातले तिरफळ चुकून दाताखाली आले की जीभ झिणझिणते, बधिर झाल्यासारखी वाटते, पण जिभेला प्रत्यक्षात काही झालेले नसते. पेपरमिंटचा गारवा हा त्याच जातीचा खेळ आहे. वैशाख वणव्यात गोळी चोखल्याने बरे वाटते हे खरे, पण अंगातील उष्णता तिने कमी होत नाही आणि घामावाटे गेलेले पाणी व मीठ तर मुळीच भरून निघत नाही. मासळी उतरवणारी मुले दुपारी पाण्याऐवजी गोळ्या चघळताना मी बंदरावर पाहिली आहेत, म्हणून हे लिहितो.

दुसरा प्रकार म्हणजे मधे भोक असलेली, चांदीच्या कागदात गुंडाळून नळीसारखी विकली जाणारी पांढरी वडी. या जातीतील पोलो हे नाव सर्वांना ठाऊक आहे. इंग्लंडमधील यॉर्क येथील राउनट्री कंपनीने ती 1948 मध्ये बाजारात आणली आणि 1988 मध्ये ही कंपनी नेस्लेकडे गेली. ही वडी उकळून केलेली नसते. औषधाची टिकडी करतात तशी साखरेची भुकटी दाबून केलेली असते. म्हणून ती निळ्या गोळीसारखी काचेची न लागता खडूसारखी लागते आणि चावली की भुगा होतो. साखरेच्या दृष्टीने दोन्हींत तात्त्विक फरक नाही, परंतु ही आकाराने लहान असल्यामुळे आणि तोंडात लवकर विरघळत असल्यामुळे मी तिला निळ्या गोळीपेक्षा वरचा क्रमांक देतो. माझ्या घड्याळाप्रमाणे निळी गोळी पूर्ण विरघळायला 11 मिनिटे लागली. ही वडी सहाव्या मिनिटाला संपली.

मिनिटांना मी एवढे महत्त्व का देतो, हा या परीक्षणाचा गाभा आहे. गोळीचे पाकीट कॅलरी सांगते, ग्रॅम सांगते, पण ती तोंडात किती वेळ राहते हे सांगत नाही, आणि दातांचा सगळा हिशेब वेळेचा असतो. दातांवरच्या चिकट थरातील जिवाणू साखर मिळताच काही मिनिटांत आम्ल तयार करतात. थरातील पीएच, म्हणजे आम्लतेचे माप (आकडा जितका खाली तितके आम्ल अधिक), सुमारे 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधील, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण कवचातील, खनिजे विरघळू लागतात, आणि साखर संपल्यानंतर लाळेने ते आम्ल शमवून पूर्वस्थिती यायला साधारण अर्धा तास, कित्येकदा त्याहून अधिक लागतो. म्हणजे निळ्या गोळीच्या 11 मिनिटांमागे दातांची 40 मिनिटे खर्ची पडतात. मी शाळेत असताना दिवसाला, सकाळी घरातून निघाल्यापासून रात्री झोपेपर्यंत, बारा गोळ्या सहज होत. बारा गुणिले चाळीस म्हणजे 480 मिनिटे, म्हणजेच आठ तास माझ्या डाव्या दाढा आम्लात बुडालेल्या असत. तेवढीच साखर मी कुणकेश्वरच्या जत्रेतले खाजे एकदाच बसून खाण्यात घालवली असती, तर तासाभरात प्रकरण मिटले असते.

ही गोष्ट विज्ञानाला फार पूर्वी कळलेली आहे, मात्र ज्या मार्गाने कळली तो लाजिरवाणा आहे. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळील व्हिपेहोल्म या रुग्णालयात 1945 नंतरच्या काही वर्षांत मतिमंद रुग्णांना, त्यांची संमती घेण्याचा प्रश्नच न ठेवता, वेगवेगळ्या स्वरूपात साखर खायला घालून त्यांचे दात तपासले गेले. जेवणासोबत दिलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मधे दिलेल्या चिकट टॉफींनी ती भयंकर वाढली. आज तसा प्रयोग कोणी करू धजणार नाही. परंतु वारंवार आणि रेंगाळत खाल्लेली साखर दाताला सर्वांत वाईट, हा जो निष्कर्ष त्यातून निघाला तो टिकून राहिला, आणि गालात धरून ठेवलेली पेपरमिंट ही त्या वर्णनात चपखल बसते.

साखरेच्या एकूण प्रमाणाचाही हिशेब येथेच उरकून घेतो. बारा निळ्या गोळ्या म्हणजे 45.6 ग्रॅम वजन आणि साधारण 177 किलोकॅलरी. पाकिटावर 'साखर' म्हणून छापलेली तेवढीच धरली तरी 33 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीनुसार अशी मुक्त साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या, म्हणजे ढोबळमानाने 25 ग्रॅमच्या आत. चहातली, सरबतातली साखर निराळी. दिवसाला एक-दोन गोळ्यांनी कोणाचे वजन वाढत नाही, हे कबूल केलेच पाहिजे. जो गोळ्या मोजत नाही त्याच्यासाठी हा हिशेब आहे.

तिसरा प्रकार मी किराणा दुकानातून न घेता औषधाच्या दुकानातून घेतला : खोकल्याची, मेंथॉलची गोळी. हे पाकीट आयुर्वेदिक औषधाच्या परवान्याखाली निघालेले असल्याने त्यावर पोषणमूल्यांचा तक्ता नव्हता. घटकांची यादी मात्र होती आणि ती वाचण्यासारखी होती. प्रत्येक गोळीत मेंथॉल अमुक मिलिग्रॅम, निलगिरीचे तेल तमुक मिलिग्रॅम, ओव्याचे फूल तमुक, असे दशांश चिन्हापर्यंतचे आकडे देऊन शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत लिहिले होते, 'फ्लेवर्ड शुगर बेस, क्यू. एस.' हे क्यू. एस. म्हणजे लॅटिनमध्ये 'पुरेसे होईल तितके'. सगळ्या औषधांची बेरीज केली तर ती वीस मिलिग्रॅमही भरत नव्हती आणि गोळी तर तराजूवर 2.6 ग्रॅम भरली. म्हणजे जे शंभरातले नव्व्याण्णव भाग आहे, त्याचे प्रमाण सांगायला दोन अक्षरे पुरली. यात बेकायदा काही नाही. पण मधुमेहाचा रुग्ण ही गोळी औषध म्हणून दिवसातून आठ-दहा वेळा घेतो तेव्हा तो वीसेक ग्रॅम साखर खातो, हे त्याला सांगणारे त्या पाकिटावर काही नाही.

गुणाच्या बाजूने तिच्याबद्दल असे म्हणता येईल की मेंथॉलने घशाची खवखव थोडा वेळ बधिर होते, गोळी चोखल्याने लाळ सुटून कोरडा घसा ओला राहतो आणि रात्री खोकल्याची उबळ तेवढ्यापुरती मागे हटते. चोंदलेले नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, तो मात्र पुन्हा त्या खोट्या वर्दीचाच परिणाम असतो. मोजून पाहिले तर नाकातून जाणारी हवा तेवढीच भरते. गोळीने खोकला दबतो, त्याचे कारण जागेवरच राहते. दोन आठवड्यांहून अधिक चाललेल्या खोकल्याला गोळ्यांवर ढकलत न राहता थुंकीची तपासणी करून घ्यावी, ही क्षयरोग कार्यक्रमाची सूचना आमच्या भागात तरी पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

जेवणानंतर पचनासाठी पेपरमिंट, या समजाचे काय? पेपरमिंटच्या तेलाने आतड्याचे स्नायू सैल पडतात हे खरे आहे आणि आतड्याच्या एका चिवट तक्रारीत डॉक्टर या तेलाच्या कॅप्सूल देतातही. पण त्या कॅप्सूलना जठरात न विरघळणारे आवरण असते, ते उगाच नव्हे. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधील झडपेसारखा स्नायूही याच तेलाने ढिला पडतो आणि जठरातील आम्ल वर येऊ लागते. गोळीत तेल अल्प असते, तेव्हा धडधाकट माणसाला त्याचे काही जाणवणार नाही. परंतु ज्याला आधीच जळजळीचा त्रास आहे, त्याने दुपारी तिखल्याचे भरपेट जेवण करून वर पेपरमिंट चोखत आडवे होणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे आहे. त्याने सोलकढीवर थांबावे, किंवा थोडी बडीशेप चावावी. आमच्याकडची काही मंडळी गोळीऐवजी आमसूल गालात धरतात; त्यात साखर नसली तरी ते स्वतःच आंबट, त्यामुळे तासन्‌तास धरून ठेवल्यास दातांचे भले होणार नाही.

तोंडाच्या दुर्गंधीबद्दल एवढेच की ती बहुधा जिभेच्या मागच्या भागावरील जिवाणूंच्या गंधकयुक्त वायूंमुळे येते, गोळी तिच्यावर काही मिनिटांचा पडदा टाकते आणि साखरेची गोळी असेल तर पडद्याआड त्याच मंडळींना जेवू घालते. जीभ घासणे स्वस्त पडते.

चौथा प्रकार बरणीतील सुट्या, बिनकागदाच्या चपट्या पांढऱ्या गोळ्यांचा. आमच्या लहानपणी पेपरमिंट म्हणजे हीच. चवीला ती मला आजही सर्वांत आवडते, थोडी खडबडीत आणि नाकात जाणारी. पण कोकणच्या पावसाळ्यात तिची जी अवस्था होते ती पाहवत नाही. साखर हवेतील ओल ओढून घेते, आणि जुलैत आमच्याकडे हवेत ओलीशिवाय दुसरे काही नसते. दुकानदाराने बरणीचे झाकण उघडून डाव आत घातला तेव्हा सहा गोळ्या एकमेकींना धरून लोंबत वर आल्या. निळ्या गोळीचेही कागद आतून चिकटले होते. कागद सोलताना त्याचा तुकडा गोळीवरच राहिला आणि गोळीचा काचेसारखा पृष्ठभाग धुरकट, दाणेदार झाला होता. ओल शिरली की थिजलेल्या पाकाला पुन्हा स्फटिक धरता येतो, त्याची ही खूण. अशी गोळी विषारी होत नाही, पण ती दातांना अधिक चिकटते आणि सुट्या गोळीच्या बाबतीत बरणीत किती हात गेले हेही माहीत नसते. उन्हाळ्यात मी तिला मध्यम म्हटले असते. पावसाळ्यासाठी ती नापास.

पाचवा प्रकार दाखवताना दुकानदाराने तो स्वतःहून पुढे केला. "सर, ही न्हेवा. हेच्यात साखर नाय, शुगरवाले हीच न्हेतत." छोटे चपटे डबे, पन्नास रुपयांना एक, आत वीस गोळ्या. म्हणजे गोळीला अडीच रुपये. घटकांत आयसोमाल्ट, सॉर्बिटॉल आणि सुक्रालोज. पहिली दोन द्रव्ये साखरेपासून किंवा ग्लुकोजपासूनच बनवलेली असली तरी तोंडातील जिवाणूंना त्यांचे आम्ल करणे जवळजवळ जमत नाही, रक्तातील साखर त्यांनी फारच थोडी वाढते आणि त्यांची ऊर्जा साखरेच्या निम्म्याच्या आसपास भरते. दातांच्या दृष्टीने म्हणूनच हा प्रकार पहिल्या क्रमांकाचा आहे, यात मला शंका नाही. औषधांमुळे किंवा वयोमानाने ज्यांचे तोंड कोरडे पडते त्यांना तर लाळ सुटण्यासाठी तो खरोखर उपयोगी आहे. फक्त लिंबू-पुदिना अशी मिश्र चव टाळावी, कारण तिच्यात सायट्रिक आम्ल असते आणि जिवाणूंच्या मध्यस्थीवाचून ते थेट इनॅमलला भिडते.

डब्याच्या मागे एक वाक्य आहे, अतिसेवनाने रेचक परिणाम होऊ शकतो असे. हे वाक्य गंभीरपणे घ्यावे. ही द्रव्ये आतड्यात पूर्ण शोषली जात नाहीत. उरलेली मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतात आणि तेथील जिवाणू त्यांचा वायू करतात. देवगडहून कोल्हापूरला जाताना फोंडाघाटात मळमळू नये म्हणून मी एकदा नांदगावपासून या गोळ्या एकामागून एक चोखत गेलो आणि डबा जवळजवळ संपवला. मळमळले नाही. दाजीपूरच्या जंगलातून गाडी जात असताना पुढे काय झाले ते लिहिणे या परीक्षणाच्या मर्यादेत बसत नाही. चालक सज्जन होता एवढे नमूद करतो. घाटात पेपरमिंटने खरोखर गुण येतो की तोंडाला चाळा मिळाल्याने लक्ष दुसरीकडे जाते, याबद्दल मी ठाम नाही. खिडकी उघडून दूरवर नजर ठेवल्याने निश्चित बरे वाटते. एसटीत चार-पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र कोणतीही कडक, गुळगुळीत गोळी देऊ नये. वळणावर गाडीला हिसका बसला की ती घसरून श्वासनलिकेत अडकू शकते. घरी कुत्रा असेल त्याने आणखी एक पाहावे : काही बिनसाखरेच्या गोळ्यांत झायलिटॉल असते, जे माणसाला चालते पण कुत्र्याला थोडेही विषारी ठरते.

दुकानदाराचे 'शुगरवाले हीच न्हेतत' हे वाक्य बरोबर आहे, पण एका प्रसंगी ते घातक ठरू शकते आणि तो प्रसंग आमच्याच घरी घडला. माझी मोठी बहीण, अक्का, इन्सुलिनवर आहे. चतुर्थीच्या दिवशी भटजी उशिरा आले, आरती लांबली, नैवेद्य झाल्याशिवाय कोणी पान मांडायचे नाही हा घरचा नियम, आणि अक्काने इन्सुलिन मात्र नेहमीच्या वेळी टोचून घेतलेले. आरती चालू असताना तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. साखर उतरली हे तिचे तिलाच कळले आणि तिने शिकवल्याप्रमाणे पर्समधून गोळी काढून तोंडात टाकली, मग आणखी एक, मग तिसरी. दहा मिनिटे गेली तरी फरक पडेना. पर्समधला डबा माझ्या सुनेने उचलून पाहिला तेव्हा तो बिनसाखरेच्या गोळ्यांचा निघाला. तिने स्वयंपाकघरात धावत जाऊन पाण्यात तीन चमचे साखर ढवळून आणली. यंत्रावर आकडा 58 दाखवत होता. पंधरा मिनिटांनी तो 84 वर आला. अशा वेळी साधारण 15 ग्रॅम साखर लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज वाटल्यास तेवढीच पुन्हा द्यावी, असा वैद्यकीय प्रघात आहे. निळ्या गोळ्यांच्या भाषेत त्या चार होतात, आणि त्याही चोखायच्या नसतात, चावून गिळायच्या असतात. त्याहून साखरपाणी किंवा ग्लुकोजची पूड लवकर लागू पडते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, रुग्णालय गाठावे.

त्यामुळे क्रमवारी लावताना मला एकाच यादीवर थांबता येत नाही. रोज तोंडात काहीतरी लागतेच अशांसाठी बिनसाखरेची गोळी, दिवसाला चार-पाचच्या आत. कधीमधी जेवण झाल्याबरोबर एखादी खाणाऱ्यांसाठी भोकाची वडी. खोकल्याची गोळी खोकल्यापुरती, साखर धरून. बरणीतली सुटी दिवाळीनंतर. आणि मी ज्या निळ्या गोळीला सर्वांत खालचा क्रमांक दिला, तीच अक्कासाठी आणली. तिच्या पर्समध्ये आता चार निळ्या गोळ्या कागदाच्या पुडीत असतात, पुडीवर मी ठळक शाईने 'साखरेच्या' असे लिहून दिले आहे, आणि पावसाळाभर ती पुडी दर पंधरा दिवसांनी बदलावी लागते.